झोपलेल्याची जबानी

घर भाड्याने घ्यायला गेले तेव्हा आमच्या घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "नोकरी खरीच आहे ना?" मी बँकेचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "कागद नोको दाखवू. कोणत्या खिडकीवर बसते ते सांग, मी येऊन पाह्यतो." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ते आदिलाबादच्या आमच्या शाखेत आले, खांबाआडून मला काम करताना पाहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. संध्याकाळी किल्ली मिळाली.

ते महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव हिंडायचं, जमिनी, पिकं, हद्दी तपासायच्या आणि तहसीलदाराला कळवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुलगी हैदराबादेत. वरच्या मजल्यावर ते एकटे आणि खालच्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि माझे बाबा. सगळा मोहल्ला त्यांना गिरदावर साहेब म्हणायचा. दारावर नावाची पाटी नव्हती. नाव लिहिलं की कोणीही ओळख काढत आत शिरतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना काका म्हणायचे.

संशय हा काकांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा व्यवसाय होता आणि पेन्शन सुरू झाल्यावरही त्यांनी तो बंद केला नव्हता. पेपर आला की आधी तारीख पाहायचे. भाजीवालीच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळची वांगी काढायचे. "वरचा माल दाखवाले असते, विकाले आतला," हे ते भाजीवालीच्या तोंडावर सांगत. बाहेर पडताना कुलूप लावून दोनदा ओढत, चार पावलं जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. कुणाच्याही घरी चहा घेत नसत. नोकरीत असताना ज्याच्या ओट्यावर चहा प्यायला त्याची हद्द हातभर पुढे सरकते, हे त्यांनी पाहिलं होतं. आम्ही राहायला गेलो तेव्हा मी रीत म्हणून चहा घेऊन वर गेले, तर म्हणाले, "काऊन आणला? नळाचं काही म्हणणं आहे का?"

नळाचं म्हणणं होतंच. पण मला राग आला तो आलाच.

त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती 'कागदावरची विहीर'. नोकरीच्या सुरुवातीला ते एका गावी विहीर तपासायला गेले होते. दफ्तरात विहीर होती, तिची खोली होती, बांधकाम कसलं आहे तेही होतं. मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, जाऊन पाहतात तर गवत, आणि गवतात बांधलेली एक बकरी. शेतकरी हात जोडून म्हणाला, साहेब, पाणी गोड आहे. तेव्हापासून जगातल्या अर्ध्या गोष्टी काकांच्या लेखी कागदावरच्या विहिरी झाल्या. हवामानाचा अंदाज, स्थळं घेऊन येणाऱ्यांनी सांगितलेला मुलाचा पगार, आमच्या बँकेच्या जाहिराती. मी हसायचे. बँकेच्या जाहिरातींबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नव्हतं.

मग माझी बदली बोथ गावच्या शाखेत झाली.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते तलमडुगुकडचे शेतकरी, कापूस आणि ज्वारीत आयुष्य गेलेलं. आई गेली आणि हळूहळू त्यांची आठवण जायला लागली, म्हणून मी त्यांना आदिलाबादला आणलं. दिवसभर ते बरे असत. दुपारपर्यंत सोबतीला एक बाई असायची, नंतर ते अंगणात खुर्चीवर बसून राहायचे. पण दिवेलागण झाली की त्यांना घरी जायचं असे. हे घर नव्हे, ते घर. फाटकाशी जाऊन कडी खडखडवत राहायचे, "बैल सोडाचे आहेत, जाऊ द्या मले." मी समोर असले, हात धरला, दोन गोष्टी बोलले की शांत होत. शाखा आदिलाबादला होती तोवर मी दिवे लागायच्या आत घरी यायचे. बोथहून ते जमेना. कामं उरकून फाट्यापर्यंत ऑटोने यायचं, हायवेवर बसची वाट पाहायची, घरी पोचेपर्यंत काळोख. त्या वाटेत माझा जीव फाटकाच्या कडीत अडकलेला असे.

पहिल्या आठवड्यात एकदा धापा टाकत आत आले, तर दोघं म्हातारे कंपाउंडच्या भिंतीकडेने चालले होते. पुढे बाबा, मागे हात पाठीशी बांधून काका.

"पूर्वेले कोण?" काकांनी विचारलं.

"पूर्वेले महादू," बाबा म्हणाले.

"आन् मधात नाला आहे का बांध?"

"बांध. त्याच्यावर बोरीचं झाड आहे. बोर आमची."

"नोंद केली," काका म्हणाले आणि दोघं पुढच्या कोपऱ्याकडे वळले. पूर्वेला महादू नव्हता, शिवणकामाचं दुकान होतं. पण बाबांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी इतका निवांत पाहिला. स्वतःच्या शेतावर असल्यावर माणसाला घरी जायची घाई नसते. हे काकांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी तर सांगितलं नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं.

मग रोजच ते होऊ लागलं. काका आपला थर्मास घेऊन खाली येत, हद्द पाहून झाली की अंगणात बसून त्यातला चहा बाबांना ओतून देत. मी फाटकातून आत आले की उठत. "आली का? मग मी जातो." मी कधी त्यांना थांबवलं नाही. दमलेली असायचे आणि खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नांना भ्यायचे. एकदा मी आभार मानले तेव्हा मात्र ते जरा बोलले. "तुह्या बाबाचं मले आवडते. खोटं बोलाले आठवण लागते, काल काय सांगतलं ते ध्यानात ठेवा लागते. त्याच्यापाशी ते सामानच नाही. जिंदगीभर हजार जबान्या घेतल्या मी, खरा माणूस हा एकच भेटला."

तरी दुसऱ्याच्या जिवावर असं किती दिवस चालणार? एखाद दिवशी काका आजारी पडले, मुलीकडे गेले, तर? मी ठरवलं, गाडी घ्यायची. छोटीच, पण स्वतःची. बँकेतून निघाले की दिवे लागायच्या आत बाबांपाशी. मी काकांना तसं सांगितलं आणि माझी घोडचूक तिथेच झाली. ते म्हणाले, "घाई नोको करू. इंजिनाचा मौका मी पाह्यतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात चार इंजिनं राहायला आली. साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल, डिझेल आणि गॅस. त्यांची अशी काही चौकशी सुरू झाली की एकेकाने दहा खून केले असावेत.

कंपनीचं मायलेज अर्थातच कागदावरची विहीर होती. ते चौकशी करत पेट्रोल पंपावर. गाडीवाल्याला कधीच विचारत नसत. "गाडी घेतलेला माणूस खरं बोलत नाही. बायकोसमोर तर मुळीच नाही. बायकोले विचाराव." मग पंपावर थांबलेल्या गाडीच्या डाव्या खिडकीशी वाकून, "ताई, एक सांगा, चढावर एसी बंद करा लागते काय?" एकदा उजव्या बाजूचा नवरा ताठ मानेने आकडा सांगत होता, आणि डावीकडून बाई म्हणाल्या, "मागच्याच हप्त्यात तर म्हणत होते का फसलो म्हणून." ते दोघं भांडत निघून गेले. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून नोको घेऊ. ऐकलं ना? बस."

शोरूममध्ये ते सकाळी, शटर उघडायच्या आधी जाऊन उभे राहत. आत शिरले की आधी टेस्टच्या गाडीच्या बॉनेटवर पालथा हात ठेवायचे, ताप पाहतात तसा. जरा कोमट लागलं की परत. "रातभर गार पडलेलं इंजिन पहिल्या झटक्यात जे बोलते ते खरं. मंग ते सावध होते." एका शोरूमवाल्याने पुढच्या वेळी गाडी आधीच गार पाण्याने धुवून ठेवली. काकांनी हात ठेवला, ओला झाला, आणि त्या शोरूमचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

प्रत्येक इंजिनावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. तीन सिलिंडरचं म्हणजे तीन पायांचं बाजलं, झोप येईल पण भरवसा नाही. टर्बो म्हणजे उसनं बळ. डिझेल ओझं वाहील, पण छोट्या गाडीतून कंपन्या ते काढून टाकत आहेत, "काऊन काढून राह्यले? काहीतरी माहीत असन त्यायले." गॅस स्वस्त, पण आपल्याकडे पंप मोजके आणि मागची सगळी जागा टाकी खाते, मग बाबांची घडीची खुर्ची कुठे ठेवणार? हा शेवटचा मुद्दा मला मान्य करावाच लागला.

शेवटी टेस्ट ड्राइव्हची पाळी आली. काकांनी अट घातली की बाबांना पुढच्या सीटवर बसवायचं. शोरूमच्या पोराने विचारलं, हे गाडी घेणार आहेत का? काका म्हणाले, "ते साक्षीदार आहेत."

मी चालवायचे, बाबा शेजारी, मागे काका आणि शोरूमचा पोरगा. हायवेला चढ लागेपर्यंत कोणी बोलायचं नाही. परत आलो की काका बाबांना उतरवत, समोर उभे राहत आणि सरकारी आवाजात विचारत, "कसं वाटलं, पाटील?"

डिझेलमधून उतरून बाबा म्हणाले, "गिरणीत बसलो होतो. पीठ कोठी आहे?"

टर्बोमध्ये मी चढावर पाय दाबला, गाडी क्षणभर विचार करत राहिली आणि मग एकदम उसळली. बाबांनी मागे वळून पाहिलं. उतरल्यावर म्हणाले, "कोणी ढकललं आपल्याले?" काकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते शोरूमच्या पोराला म्हणाले, "पाह्य. तुह्या साहेबाले सांग, पाटलानं तुमचा टर्बो पकडला."

गॅसच्या गाडीतून उतरून बाबांनी हवा हुंगली आणि विचारलं, "सैपाक झाला काय?"

मग साध्या पेट्रोलची गाडी. चार सिलिंडर, कसलंच नाटक नाही. बाबा हायवेला लागायच्या आत झोपले. चढावर झोपले होते, उतारावर झोपले होते, परत शोरूमच्या दारात आलो तरी झोपलेले. घरीसुद्धा दुपारी ते असे झोपत नसत. मला तर तिथेच सही करावीशी वाटली.

"काका, झालं की ठरलं. यांनीच ठरवलं."

काका बाबांकडे पाहत होते. मग म्हणाले, "झोपलेल्याची जबानी चालत नाही."

"अहो, झोप लागली हीच जबानी!"

"कायद्यात नाही. पुन्हा पाह्यू."

इथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. इतके दिवस त्यांचा प्रत्येक संशय मला विक्षिप्त वाटायचा, पण सरळ वाटायचा. हा तसा नव्हता. त्यानंतर तर हद्दच झाली. पेट्रोलमध्ये हल्ली काय मिसळतात ते आधी कळू दे. नवं मॉडेल येणार आहे म्हणतात, थांब. पावसाळ्यात घेतलेल्या गाडीला गंज लवकर लागतो. पावसाळा संपला तर म्हणाले, सणाच्या घाईत बनवलेली गाडी कच्ची असते. तिकडे मी रोज काळोखात घरी येत होते, बसच्या काचेला डोकं टेकून देवाचं नाव घेत होते, आणि हा माणूस मला कच्च्या गाडीच्या गोष्टी सांगत होता. मला रडू यायचं.

शाखेतल्या माझ्या सहकाऱ्याला सांगितलं तर तो हसला. "मॅडम, सीधी बात आहे. दुसऱ्या शोरूमवाल्यानं त्या म्हाताऱ्याचं कमिशन बांधलं असन. तुमी कंटाळून तिकडेच जाल, पाह्यजा." आणि मला ते पटलं. कुणाचा चहा न पिणाऱ्या माणसाबद्दल मला ते पटलं, कारण संशय हा पाहून पाहून शिकता येतो आणि मी उत्तम शिक्षकाच्या घरात राहत होते. मी काकांवर नजर ठेवायला लागले. ते कुणाशी फोनवर बोलतात, कुठे जातात, थर्मास घेऊन खाली येताना खिशात काय असतं. खिशात बाबांसाठी लिमलेटच्या गोळ्या असायच्या.

एका रविवारी मी बाबांची दाढी करत होते. गालावर साबण, मान वर. एकदम म्हणाले, "गाडी नोको आणू."

"काऊन, बाबा?"

"तू लवकर येशीन."

"मग चांगलंच आहे ना? तुमच्यापाशी बसंन मी."

बाबांनी मान हलवली, वस्तरा लागता लागता राहिला. "तू आली का तो जाते."

"तो कोण?"

त्यांनी बोट वर केलं. छताकडे.

"त्यानं सांगतलं?"

"हो. म्हणे पेट्रोलचीच चांगली आहे, साधी. पयल्या दिवशीच माहीत होतं म्हणे." मग घाबरून माझ्याकडे पाहिलं. "सांगू नोको म्हणाला होता."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. माझा संशय खरा निघाला होता. माणूस खोटं वागत होता, महिनोन्‌महिने, ठरवून. फक्त कमिशन कसलं घेत होता ते मला कळलं नव्हतं. दिवेलागणीची ती तासाभराची वेळ. अख्ख्या गावात ज्याच्यावर विश्वास टाकता येईल असा एकच माणूस त्यांना सापडला होता, आणि मी त्याला रोज लवकर घरी येऊन परत घेणार होते. ज्याला काही आठवत नाही त्यालाच त्यांनी हे बोलून दाखवलं, दुसऱ्या कुणाला बोलणार? मला राग आला. आणि वाईटही इतकं वाटलं की बाबांचा उरलेला गाल मी डोळे पुसत पुसत केला.

मी काकांना काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा काढून साध्या पेट्रोलची गाडी नोंदवली. आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून फाटकात उभी केली. काका खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, काढला. मी वाट पाहत होते की आता काय काढतात.

"बरी आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कोणत्याही वस्तूबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "आता तू वेळेवर येशीन." आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी दिवे लागायच्या आत घरी. बाबा अंगणात. मी त्यांचा हात धरला, दोन गोष्टी बोलले, जे पूर्वी पुरत असे ते सगळं केलं. तरी ते उठून उभे राहिले. पण फाटकाकडे गेले नाहीत. जिन्याकडे गेले आणि पहिल्या पायरीपाशी उभे राहून वर पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही काका खाली आले नाहीत, आणि बाबा पायरीपासून हलेनात. बोथहून इतक्या वेगाने ज्याच्यासाठी आले त्याला आता मी पुरत नव्हते. हे गिळायला मला थोडा वेळ लागला.

मी वर गेले. दार उघडंच होतं. काका खुर्चीवर बसले होते, दिवा लावलेला नव्हता. थर्मास शेजारी, भरलेला असावा.

"काका, खाली या ना."

"मी कायले? गाडी आली, तू आली." मग मान वर केली. "काऊन, गाडी आवाज करून राह्यली का?"

"गाडी ठीक आहे. बाबा तुम्हाला विचारून राह्यले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हजार शेतकऱ्यांकडे पाहिलं असेल तसं. "नाव घेऊन विचारते?"

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा माणूस, अंधारात एकटा बसलेला, त्याला बरं वाटावं म्हणून कुणीही म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "नाव नाही घेत. 'तो आला नाही,' एवढंच म्हणतात. आणि पायरीपाशी उभे राहतात."

"तो म्हणजे कोणीही असू शकते."

"हो. असू शकते."

खालून बाबांची चाहूल येत होती, चप्पल पायरीला घासल्याची. मग काका गुडघ्यावर हात ठेवून उठले, थर्मास उचलला आणि अंधारात पायाने चपला शोधू लागले.

"नाव घेतलं म्हणाली असती," ते म्हणाले, "तर मी उठलो नसतो."